अंदाज आधी, मोजणी मग

सोलापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात देते:

'मी पतसंस्थेत नोकरीला आहे, मिस्टर शिफ्टमध्ये असतात. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत. दिवसभर घरी सासूबाई असतात. मुलाच्या वाढदिवसाला महागाचा सायन्स किट आणला, दोन दिवस खेळला आणि डबा माळ्यावर गेला. मोबाईलवर बघून सोड्याचा ज्वालामुखी केला. एकदा फसफसला, "वा" झालं, संपलं. गणिताचं नाव काढलं की त्याचं पोट दुखायला लागतं. मी कॉमर्सची, त्यामुळे त्यानं "का?" विचारलं की मला उत्तर देता येत नाही. जवळच एक सुट्टीतलं विज्ञान शिबिर आहे, पण फी आम्हाला जड आहे. घरच्या घरी काही करता येईल का? जळगावला नणंद असते, तिचा मुलगा सातवीत आहे. दोघं भाऊ व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास गेमच्या गप्पा मारतात, त्याचंही काही करता आलं तर सांगा.'

प्रिय ताई,

'एकदा फसफसला, वा झालं, संपलं' हे तुमचं वाक्य मी आधी धरते. ते संपलं म्हणून मुलाला बोल लावू नका. त्या ज्वालामुखीत त्याला शोधण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. काय होणार ते व्हिडिओत दिसलं होतं आणि घरीही तसंच झालं. किटची गतही तीच. डब्यावर चित्र, आत सूचना, शेवटी चित्रासारखी वस्तू. उत्तर आधीच छापून आलेली गोष्ट मूल दुसऱ्यांदा कशाला करेल?

माझा सल्ला एवढाच, की या सुट्टीत असे प्रयोग निवडा ज्यांचा नेमका आकडा घरात कुणालाच ठाऊक नाही. एक वही करा. प्रत्येकानं आधी अंदाज सांगायचा, तो नावासकट वहीत लिहायचा, आणि मगच मोजायचं. चुकलेला अंदाज खोडायचा नाही. सासूबाईंचा अंदाजही लिहायचा, तुमचाही. आईचा अंदाज आपल्यापेक्षा जास्त चुकला हे वहीत दिसलं की गणिताला भ्यायलेलं मूल किती मोकळं होतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

तोच ज्वालामुखी या पद्धतीनं पुन्हा करून बघा. छोट्या बाटलीत १०० मिलिलिटर व्हिनेगर घ्या. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापाचं टोपण त्यासाठी उत्तम. एक फुगा तोंडानं फुगवून सोडून द्या, म्हणजे तो सैल होईल. त्यात चहाचा सपाट अर्धा चमचा खायचा सोडा भरा. फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवा आणि उभा करा, की सोडा आत पडेल आणि फुगा फुगेल. दोऱ्यानं त्याचा घेर मोजून वहीत लिहा. बाटली धुवा, ताजं व्हिनेगर घ्या आणि आता एक चमचा सोडा. मग दीड, मग दोन. प्रत्येक वेळी आधी अंदाज.

यात दोन गमती लपलेल्या आहेत. सोडा वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर फुगा वाढायचा थांबतो. बाजारातल्या साध्या व्हिनेगरला हे साधारण दीड चमच्याच्या आसपास होतं. मुलगा विचारेल, का? तुम्ही उलट विचारा, 'बाटलीत खाली काय उरलंय?' तळाशी न विरघळलेली पांढरी पूड दिसली, तर सोडा शिल्लक आहे आणि त्याच्याशी झगडणारं आम्ल संपलं आहे, हे तो स्वतःच सांगेल. पूड दिसली नाही, तर उरलेल्या पाण्यात थोडं ताजं व्हिनेगर ओता. पुन्हा फसफसलं की कळलंच.

दुसरी गंमत अशी, की सोडा अर्ध्या चमच्यावरून एक चमचा, म्हणजे दुप्पट झाला, तरी घेर दुप्पट होत नाही, जेमतेम सव्वापट होतो. यावर घाई करू नका, त्याला एखादा दिवस डोकं खाजवू द्या. मग साखरेचे चौकोनी तुकडे किंवा खेळण्यातले ठोकळे घ्या. एक ठोकळा ठेवा आणि त्याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच असा ठोकळा रचायला सांगा. दोन ठोकळे पुरत नाहीत, आठ लागतात. घेर दुप्पट व्हायचा तर वायूही आठपट हवा. घन हा शब्द त्याला शाळेत भेटेल तेव्हा त्याच्या हाताला तो आधीच माहीत असेल. (बाटलीला बूच मात्र कधीही लावू नका, दाब वाढून ती फुटू शकते.)

आता तुमच्या 'उत्तर देता येत नाही' या काळजीबद्दल. 'का?' आलं की 'बघू या, काय बदललं तर फरक पडेल?' एवढं विचारता आलं की पुरे. उत्तर लगेच मोबाईलवर शोधू नका, निदान त्या दिवशी तरी नको. आणि कॉमर्सची म्हणून स्वतःला कमी लेखू नका. रकाने आखायचे, प्रत्येक नोंदीला तारीख घालायची, बेरीज जुळली नाही तर कुठे चुकलं ते मागे जाऊन शोधायचं, हे तुम्ही रोज करता. प्रयोगवहीला नेमकं तेच लागतं, आणि विज्ञान शिकलेल्या पुष्कळ पालकांना ते जमत नाही.

तुमच्याकडे ज्वारी घरात असणारच, त्यामुळे दोन्ही मुलांना एकत्र बसवणारा खेळ तिचाच सुचवते. एक किलो ज्वारीत दाणे किती? अंदाज लिहून घ्या. तुमची धाकटी 'शंभर' म्हणेल, सासूबाई 'लाखभर' म्हणतील, सगळं लिहा. मग तराजू करा. कपड्याचा हँगर खिळ्याला टांगायचा, दोन टोकांना सारख्या दोऱ्यांनी कागदी कप बांधायचे, तोल जुळला नाही तर हलक्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. वजनं कुठून आणायची? पाण्याची. १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम. एका कपात टोपणानं १० मिलिलिटर पाणी घाला, दुसऱ्यात हँगर समपातळीत येईपर्यंत ज्वारी. हे १० ग्रॅम झाले. हे दाणे ताटात ओतून धाकटीला दहा-दहाचे ढीग करायला सांगा, दहा ढीग झाले की एक वाटी. दुसरीतलं एकक, दशक, शतक तिच्या समोर ताटात उभं राहतं. थोरल्यानं त्या आकड्याला १०० नं गुणायचं.

तुम्हाला म्हणून सांगते, मुलांना आधी सांगू नका. मंगळवेढ्याकडची टपोरी मालदांडी असेल तर १० ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास दाणे भरतात, म्हणजे किलोत तीस हजारांच्या घरात. दुसऱ्यांदा मोजलं की आकडा थोडा वेगळा येईल. इथे मुलगा वैतागेल, 'मग खरा कुठला?' म्हणेल. हा प्रश्न फार मोलाचा आहे. तीनदा मोजा, तिन्ही लिहा, सरासरी काढा आणि तिन्हींत फरक का पडला यावर बोला. कपात पाण्याचा थेंब राहिला असेल, दाणे लहानमोठे असतील, मोजताना लक्ष विचलित झालं असेल. मग सासूबाईंना विचारा, एका भाकरीला पीठ किती लागतं? तेवढं तोलून एका भाकरीत किती दाणे जातात ते काढायचं. हिशोब झाला की त्याला स्पष्ट सांगा, 'तू आत्ता गुणाकार, भागाकार आणि सरासरी केलीस.' गणित लपवून पाजू नका. ते त्याला जमलं, हे त्याला कळायला हवं.

सासूबाई घरी असतात याचा तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केला आहे. मला तर तीच तुमची मोठी जमेची बाजू वाटते. दही लावणं त्यांच्याकडे सोपवा, फक्त चार वाट्या मागून घ्या. पहिलीत कोमट दूध आणि विरजण, ओट्यावर. दुसरीत तेच, पण फ्रिजमध्ये. तिसरीत उकळतं दूध आणि विरजण (हे त्यांनीच ओतायचं). चौथीत कोमट दूध, विरजण नाहीच. दूध सगळीकडे सारखं, विरजण चमच्यानं मोजून. वाट्यांना चिठ्ठ्या लावा आणि दर तासाला वाटी हळूच तिरकी करून बघा. सोलापूरच्या मे महिन्यात पहिली वाटी काही तासांतच लागते. उकळत्या दुधात विरजणातले जिवाणू मरतात, फ्रिजमध्ये ते जवळजवळ थांबून जातात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा प्रयोगशास्त्राचा कणा मुलाला या चार वाट्यांत समजतो. तुमच्या सासूबाईंना तो कित्येक वर्षं ठाऊक आहे. नातवानं त्यांना प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरं वहीत उतरवावीत.

हळदीचंही त्यांनाच विचारा. कपड्यावरचा भाजीचा डाग साबण लावला की लाल का होतो? हळदीत चुना मिसळून कुंकू करत, ते त्यांनी पाहिलेलं असेल. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावा, वाळवा, पट्ट्या कापा. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, सोड्याचं पाणी, चिंचेचं पाणी, ताक यांचा एकेक थेंब टाकून बघा. लाल झालेल्या ठिकाणी लिंबू पिळलं की ते पुन्हा पिवळं होतं. पण हळद आम्ल आणि साधं पाणी यांत भेद दाखवत नाही, दोन्हीला पिवळीच राहते. तो भेद हवा तर कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाची फुलं गरम पाण्यात भिजवा. ते निळं पाणी लिंबानं जांभळट गुलाबी होतं आणि सोड्यानं हिरवटाकडे झुकतं. चुना मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

तुमच्याकडे पाणी भरून ठेवावं लागत असेल, तर गळक्या नळाखाली ते औषधाचं टोपण धरा आणि १० मिलिलिटर भरायला किती वेळ लागतो ते बघा. एक मिनिट लागला, तर दिवसाचे १,४४० मिनिटं म्हणजे १४ लिटर ४०० मिलिलिटर. वॉशर बदलायचा निर्णय मुलगाच घेईल.

खर्चाविषयी एक नाव सांगते. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी शिकण्याची साधनं घडवली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे छोटे व्हिडिओ आहेत, मराठीतही, आणि मोफत. सायकल दुरुस्तीवाल्याकडून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणा, तिचे छोटे तुकडे करा आणि गुल खरवडून टाकलेल्या काड्यापेटीच्या काड्या त्यांनी जोडा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. त्याला ताठ करायला आणखी किती काड्या लागतील, कुठे? धाकटीला हे द्या आणि बाजूला व्हा. मग तिला घेऊन मोबाईलचा टॉवर किंवा पत्र्याच्या शेडची कैची, म्हणजे छताखालचा सांगाडा, बघायला जा.

आणि आता जळगाव. तुमच्या पत्रातला हा तपशील वाचून मला फार आनंद झाला, कारण तुमचं घर आणि नणंदेचं घर मिळून पृथ्वी मोजू शकतात.

सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून आपल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सोलापूरला हा शून्य सावलीचा दिवस १० मेच्या आसपास येतो, जळगावला २५ मेच्या आसपास. (दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा ढग असतात.) सोलापूर आणि जळगाव जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे दोन्हीकडची खरी मध्यान्हही एकाच सुमाराला होते. मे महिन्यात ती घड्याळात १२ वाजून २० ते २५ मिनिटांच्या दरम्यान येते. बरोबर १२ ला का येत नाही, हा प्रश्न मुलाला पडू द्या.

दोन्ही घरी १ मीटरहून थोडी लांब सरळ काठी घ्या. ती वाळूनं काठोकाठ भरलेल्या डब्यात गच्चीवर उभी करा आणि काठीभोवती डब्यावर सपाट पुठ्ठा बसवा. सावली पुठ्ठ्यावर पडेल, म्हणून पुठ्ठ्यापासून काठीच्या टोकापर्यंत बरोबर १ मीटर हवं. उभी आहे की नाही ते ओळंब्यानं तपासा. दोऱ्याला कुलूप बांधलं की ओळंबा झाला. १२ पासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेननं खूण करा आणि सगळ्यात लहान सावली मोजा. १० मेला सोलापुरात ती जवळपास शून्य असेल. त्याच वेळी जळगावचा भाऊ व्हिडिओ कॉलवर सांगेल की त्याच्याकडे पाच-सहा सेंटिमीटर सावली आहे. सूर्य तोच, काठी तेवढीच, मग फरक कशाचा? जमीन वाकलेली असल्याचा.

पुढचा हिशोब पाचवीच्या मुलाला जमतो. गच्चीवर १ मीटर दोरीनं खडूचं वर्तुळ काढा आणि त्याचा परीघ दोरा ठेवून मोजा. तो ६२८ सेंटिमीटरच्या जवळ येईल. जळगावची सावली समजा ५.८ सेंटिमीटर आली. ती या वर्तुळावर किती वेळा मावते? ६२८ भागिले ५.८, म्हणजे सुमारे १०८ वेळा. जळगावची काठी सूर्यकिरणांशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन पृथ्वीच्या केंद्राशी या दोन गावांमध्ये असतो, म्हणून सोलापूर ते जळगाव हे अंतरही पृथ्वीच्या घेरात १०८ वेळा मावायला हवं. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून, नकाशाचं प्रमाण वापरून काढा. ते सरळ उत्तर-दक्षिण सुमारे ३७० किलोमीटर आहे. रस्त्याचं अंतर घेऊ नका, रस्ता वळणं घेत जातो. १०८ गुणिले ३७० म्हणजे ३९,९६० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे.

तुमचं उत्तर इतकं जवळ येईलच असं नाही. सूर्य ठिपक्याएवढा नसल्यामुळे सावलीची कड धूसर असते आणि दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. सावली ६ सेंटिमीटर धरली तर घेर साधारण ३८,७०० येतो. दोन मिलिमीटरनं एक हजारापेक्षा जास्त किलोमीटरचा फरक पडला, हे मुलांना स्वतः काढून बघू द्या. मोजणी नीट का करायची, हे सांगायला तुम्हाला वेगळं भाषण करावं लागणार नाही. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसनं हेच केलं होतं. सायीन, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला त्याला आढळला. त्याचं नाव मुलांना हिशोब झाल्यावर सांगा, आधी नको.

२५ मेला पुन्हा करा. तेव्हा जळगावची सावली शून्य आणि सोलापूरची पाच-सहा सेंटिमीटर असेल, पण या वेळी ती दक्षिणेकडे पडेल. वर्षातले साधारण नऊ महिने तुमच्याकडे भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते, त्यामुळे मुलगा नक्की बुचकळ्यात पडेल. ती गाठ त्यालाच सोडवू द्या.

सूर्याकडे कुणीही थेट बघायचं नाही, गॉगल लावूनही नाही. मेच्या उन्हात गच्ची तापते, म्हणून पायात चप्पल, डोक्याला टोपी, आणि दोन खुणांच्या मधली पाच मिनिटं जिन्यात सावलीत. धाकटीकडे घड्याळ बघून 'आता' म्हणायचं काम द्या. ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा. एका दिवसानं दोन्हीकडच्या सावल्या साधारण तीन ते पाच मिलिमीटर सरकतील, पण दोन्हीकडे सारख्याच. तेव्हा दोघांची सावली कुठल्या दिशेला पडली तेही लिहून ठेवा. दोन्ही एकाच बाजूला पडल्या तर वजाबाकी करा, उलट बाजूंना पडल्या तर बेरीज, आणि येणारं उत्तर ५.८ च्या जागी घाला.

शिबिराचं म्हणाल तर कर्ज काढून किंवा घरखर्चाला कात्री लावून पाठवू नका. पुढे कधी पाठवायचं झालंच, तर संयोजकांना एवढं विचारा: मुलं स्वतःच्या हातानं किती वेळ काम करतात, एकाच प्रयोगाला दुसऱ्यांदा करून बघायला वेळ मिळतो का, आणि मुलांचे चुकलेले आकडे वहीत राहू देतात का. तिन्हींना नीट उत्तर मिळालं तर फीचा विचार करा. माळ्यावरचा किट मात्र उतरवा. त्यातलं भिंग, लोहचुंबक, तारा, मोजपट्टी बाहेर काढून एका डब्यात मुलांच्या हाताशी ठेवा आणि सूचनापत्रक तेवढं माळ्यावरच राहू द्या.

१० मेला दोन्ही घरांत जे आकडे येतील ते, चुकलेल्या अंदाजांसकट, मला कळवा. मी वाट बघते आहे.